कवठाची कटिंग

"झाडाबद्दल तोंडानं काय पायजे ते बोल, पण कागदावर लिहू नोको वं पोरी," असं सिंधूताई म्हणाल्या, तेव्हा वैदेही ओट्यावर कवठाचं वजन करत होती. तिने मान न उचलता "हो हो" म्हटलं. शेजारणीच्या सल्ल्याला जे "हो हो" म्हणायचं असतं, तेच. काट्यावर आकडा आला : तीनशे ऐंशी ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू एकशे साठ ग्रॅमचा असतो, हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं. म्हणजे जवळजवळ अडीच चेंडू. तेही आठ मीटर उंचीवरून. आणि खाली साडेतीन वर्षांचा गोलू, एक प्लास्टिकचा डंपर आणि वाळूचा ढीग.

सिंधूताई अनुभवाने बोलत होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी जांभळाच्या एका फांदीबद्दल कुठल्याशा ऑफिसात चार ओळींचा अर्ज दिला होता. पुढे ते जांभूळ वादळात मुळासकट पडलं, सिंधूताईंचे यजमान रिटायर झाले, घरात सून आली. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास "आपला अर्ज विचाराधीन आहे" असं पत्र मात्र न चुकता येतं. सिंधूताईंना आता त्या पत्राचा लळा लागला आहे. यंदा चार दिवस उशीर झाला, तर त्यांनी पोस्टमनकडे चौकशी केली.

पण वैदेही एमएस्सी, तेही संख्याशास्त्रात. गोलू झाल्यावर तिने नोकरी सोडली, आकडे सोडले नाहीत. गोलूचा ताप, गोलूची शी, गोलूने दिवसभरात किती वेळा "नाही" म्हटलं, सगळ्याच्या नोंदी होत्या. कवठं पडायला लागल्यावर तिने त्यांचीही वही घातली. तारीख, वेळ, वजन, वाळूच्या ढिगापासूनचं अंतर. तिचा नवरा सौरव वही चाळून म्हणाला, "अगं, पोराला हेल्मेट घे." तो गमतीने म्हणाला. वैदेही दुसऱ्याच दिवशी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन हेल्मेट घेऊन आली. लाल, वर डायनासोर. गोलूला ते इतकं आवडलं की तो ते जेवतानाही काढेना, झोपताना तर नाहीच. शेवटी वैदेहीच्या नोंदवहीत एक नवा रकाना आला : हेल्मेट काढताना रडण्याचा कालावधी.

आता हे कवठ तिथे आलं कसं, हे सांगायला हवं. वैदेहीचं घर नागपुरात मानेवाड्याच्याही पुढे, एका ले-आऊटमध्ये. ले-आऊट पडायच्या आधी तिथे संत्र्याची वाडी होती. वाडी गेली, प्लॉट पडले, रस्ते आखले, संत्र्याचं एक झाड राहिलं नाही. कवठ राहिलं, कारण ते वाडीच्या धुऱ्यावर होतं. धुरा म्हणजे शेताचा बांध. आणि मोजणीवाल्याने दोन प्लॉटमधली रेघ नेमकी त्या धुऱ्यावरूनच ओढली. त्यामुळे झाड अर्धं वैदेहीचं, अर्धं सिंधूताईंचं. कंपाऊंडची भिंतही तिथे येऊन दोन्हीकडून थांबली होती, आणि मधे खोड उभं होतं.

वैदेहीला ते तोडायचं नव्हतं हो! हे तिने नंतर इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं की गोलूसुद्धा झोपेत "तोडायचं नव्हतं हो" म्हणायला लागला. तिला फक्त वाळूच्या ढिगावर आलेली एक फांदी कमी करून हवी होती. महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात जाऊन तिने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषयाच्या ओळीशी मात्र ती अडखळली. "छाटणी" लिहावं, तर तो शब्द तिला क्रूर वाटला. सौरवच्या कंपनीत गेल्या वर्षी छाटणी झाली होती आणि घरात दोन महिने कुणी तो शब्द उच्चारला नव्हता. मग तिला गोलू आठवला. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन तो जे करून घेतो, वरून थोडं, बाजूने थोडं, तेवढंच तर झाडाचं करायचं होतं. तिने लिहिलं :

"विषय : कवठाची कटिंग करून मिळणेबाबत."

इथे वाचकांपैकी जे नागपूरचे आहेत त्यांना काही वावगं वाटणार नाही. आपल्याकडे माणूस कटिंग करायला जातो आणि जिवंत परत येतो. पण अर्ज लाकडी टेबलावरून कम्प्युटरमध्ये गेला, आणि वाटेत कुठेतरी "कटिंग"ची "कटाई" झाली.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, कवठाच्या खोडावर सुतळीने एक पाटी बांधलेली दिसली. प्लास्टिकच्या पिशवीत कागद. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. अर्जदार : वैदेही, प्लॉट नंबर अमुक. सदर वृक्ष समूळ तोडण्याची परवानगी मागितली असून कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

वैदेहीने तो कागद उभ्याने तीनदा वाचला. पहिल्यांदा तिला घाम फुटला. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा मात्र, का कोण जाणे, तिचे डोळे विस्फारले. म्हणजे एका झाडासाठी आख्खा कायदा आहे? ती जन्मायच्या कितीतरी आधीपासून? तोडायच्या आधी साऱ्या गल्लीला विचारावं लागतं, "कुणाची ना नाही ना?" तिचं लग्न ठरलं तेव्हाही एवढी विचारपूस झाली नव्हती.

दुपारपर्यंत ले-आऊटमध्ये उठाव झाला होता. ज्या कवठाकडे आजवर कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याच्या खोडाला हळद-कुंकू लागलं, लाल धागा गुंडाळला गेला, आणि शाळेतल्या मुलांनी "मला मारू नका" असा कागद चिकटवला. वैदेहीने लगेच झोनच्या ऑफिसात फोन केला. तिकडून सांगण्यात आलं, मॅडम, आता नोटीस लागली, प्रक्रिया सुरू झाली, जे काय सांगायचं ते सुनावणीत सांगा. तिने विचारलं, "पण मीच अर्ज केलाय, मीच मागे घेते." पलीकडचा आवाज म्हणाला, "हाव, पण आता तो अर्ज तुमचा नाई राह्यला न. तो आता झाडाचा झाला."

हे वाक्य तिने वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात मागच्या गल्लीतल्या पायलताई, हातात सह्यांचं पत्रक. पायलताई नव्याने राहायला आलेल्या, त्यांना अजून कोण कोण आहे ते माहीत नव्हतं. कपाळावर घाम, डोळ्यांत अंगार.

"ताई, सही करा. झाड तोडून राहिले इथलं."

"कोण?" वैदेहीने विचारलं.

"कोणीतरी वैदेही म्हणून आहे. तुम्ही ओळखता का तिले?"

आत गोलू हेल्मेट घालून वरण-भात खात होता. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण पाच मिनिटं तोंड दाखवायची हिंमत हवी. ती म्हणाली, "नाही बा."

"कशी बाई असन पाहा. लेकराबाळाची असन तर लाज वाटाले पायजे." आणि पेन पुढे आलं.

वैदेहीने सही केली. खरं नाव लिहिता येईना, म्हणून लिहिलं : "गोलूची आई". चौदावी सही होती. वर तेरा होत्या, आणि त्यातली सातवी सिंधूताईंची, मोठ्या ठसठशीत अक्षरात. झाडाबद्दल कागदावर काही लिहू नको म्हणणाऱ्या सिंधूताई!

सुनावणी जागेवरच घ्यायची असं ठरलं. जानेवारीच्या एका रविवारी कवठाखाली सात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. उद्यान निरीक्षक गिरिधर आले. बारीक अंगाचे, हातात फाईल, खिशात मोजपट्टी. खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी वर पाहिलं. वर पानांत हिरवट-पांढरे गोळे लटकत होते.

"पडन तर नाई न डोक्यात?"

"आज नाई पडत," असं मागून कुणीतरी अगदी खात्रीने म्हटलं.

ते रुपरावजी होते. ले-आऊटच्या शेवटच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहतात. वाडी होती तेव्हा तिचे राखणदार. वाडी गेली, मालक गेला, रुपरावजी इथेच राहिले. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, तोंडात कायम लवंग. वैदेहीने त्यांना रोज पाहिलं होतं आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आज नाही पडत म्हणजे काय, असं तिच्या मनात आलं, पण गोलूने उठून गिरिधरांना स्वतःचं हेल्मेट देऊ केलं आणि तो विचार तिथेच राहिला. गिरिधरांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. नाकारलं नाही, हे वैदेहीने पाहिलं.

"अर्जदार वैदेही?"

"हजर," वैदेही म्हणाली. तेरा माना वळल्या. पायलताईंचं तोंड उघडलं आणि बराच वेळ मिटलं नाही.

"हरकतदार एक ते तेरा, हजर. बरं. चौदा. गोलूची आई?"

वैदेही पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागली.

"गोलूची आई कोण आहे जी?"

"ही माझी आई!" गोलू खुर्चीवर उभा राहून ओरडला. "माझी आहे! हीच आहे!"

त्या रविवारी ले-आऊटमध्ये जेवढा हशा झाला तेवढा पुढे गणपतीत बसवलेल्या नाटकातही झाला नाही. सिंधूताईंना हसता हसता ठसका लागला. "काहून वं वैदेही, तूच तोडणार अन् तूच अडवणार?" गिरिधर मात्र हसले नाहीत. त्यांनी फाईलमधलं पान मागे-पुढे केलं, आणि सरकारी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच दिसावी अशी एक भाबडी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर पसरली. अर्जदारानेच हरकत घेतली तर काय करायचं, याचा रकाना फॉर्मात नव्हता.

"पहिले मोजून घेऊ," ते म्हणाले. अडचणीत सापडलेला माणूस मोजायला लागतो, हे वैदेहीला स्वतःवरून ठाऊक होतं.

झाडाचं वय ठरवायचं होतं. घेर मोजायला पट्टीचं एक टोक रुपरावजींनी धरलं आणि दुसरं, अर्जदार म्हणून, वैदेहीने. खोडाला मिठी घातल्याशिवाय पट्टी पोचेना. तिने गाल सालीला टेकवला आणि हात पलीकडे नेले. साल खरखरीत होती, उन्हाने कोमट. बारीक काटेरी डहाळीने तिची ओढणी धरली. ती सोडवताना दोन पानं हातात चुरगळली आणि वास आला. बडीशेपेचा! तिने पुन्हा हुंगलं. दीड वर्ष या झाडाखाली कपडे वाळत घातले, वही लिहिली, काळजी केली, आणि हे झाड मुखवासासारखं दरवळतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कानाशी काहीतरी सरसर गेलं, बहुधा खार. वर कुठेतरी तांबट ठोके देत होता. पलीकडून रुपरावजींची खरबरीत बोटं तिच्या बोटांना लागली.

"संत्र्याचा काका आहे हा," खोडाआडून रुपरावजी म्हणाले. "एकाच घराण्यातले. पुतणे सगळे गेले, काका राह्यला."

"कोणी लावलं हो हे?"

"कोणीच नाई. धुऱ्यावर आपोआप आलं. म्हणून तर कोणी तोडलं नाई. लावलेलं झाड मालकाचं असते, आलेलं झाड कोणाचं म्हणसान?"

गिरिधरांनी घेर लिहिला, आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "अंदाजे चौसष्ट वर्षं. पन्नासच्या वर, म्हणजे हेरिटेज. मॅडम, याले तोडाचं असन तर नियमानं जेवढं वय तेवढी झाडं लावा लागते. चौसष्ट. मोठी रोपं. अन् सात वर्षं जगवा लागते."

"चौसष्ट कशाले," रुपरावजी म्हणाले, "मी गुडघ्याएवढा होतो तवा बी हे एवढंच होतं. ऐंशी लिहा."

"ऐंशी?"

"माझ्या बापानं बी असंच पाह्यलं म्हणे. शंभर लिहा."

वैदेहीच्या डोळ्यांसमोर पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट आला. त्यात शंभर झाडं. सात वर्षं, म्हणजे गोलू पाचवीत जाईपर्यंत. तिच्याकडून तुळससुद्धा दोनदा वाळली होती. ती घाईघाईने म्हणाली, "अहो, मला तोडायचंच नाहीये! फक्त ही फांदी. पोराच्या डोक्यात कवठ पडेल म्हणून. हे बघा, माझ्याकडे पुरावा आहे." आणि तिने वही पुढे केली. एक नोव्हेंबरपासून एक्केचाळीस कवठं. तारीख, वेळ, वजन, अंतर. शिवाय एक आलेख, रंगीत.

गिरिधरांनी चष्मा लावला. बोटाने रकाना खाली खाली नेला. मग परत वर.

"मॅडम, पाच बावन्न. पाच पंचावन्न. सहा वाजून तीन. पाच अठ्ठावन्न. हे सगळे सकाळचेच टाइम आहे. तुमच्या झाडाले घड्याळ लावून आहे काय?"

वैदेही याच प्रश्नाची वाट पाहत होती. रोज सकाळी स्वयंपाकघरात कुकर चढवताना मागे अंगणात धप्प, धप्प ऐकू यायचं आणि ती वेळ टिपायची. त्यावरून तिने एक सिद्धान्तही मांडला होता, तो आलेखाखाली लिहिला होता : पहाटेच्या गारव्याने देठ आकसतो व फळ गळते. "निसर्गाचं आश्चर्य आहे," ती म्हणाली. "एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. पण सरासरीच्या भरवशावर पोराचं डोकं कसं ठेवणार?"

रुपरावजी टॉवेल सोडून पुन्हा बांधू लागले. सिंधूताई आभाळाकडे पाहू लागल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे काहीतरी आहे, हे ले-आऊटमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

"देठ नाई आकसत बाई," शेवटी रुपरावजी म्हणाले. "मी पाडतो."

"तुम्ही?"

"पोरगं खेळते न खाली. पिकलेलं कवठ कवा येईन त्याचा भरवसा नाई. म्हणून रोज सकाळी सिंधूताईच्या बाजूनं आकडीनं हलवून पाहतो. जे पिकलं ते खाली घेतो. मग दिवसभर काई पडत नाई." त्यांनी भिंतीकडे हात केला. सिंधूताईंच्या भिंतीला एक लांबलचक बांबू टेकवलेला होता, टोकाला लोखंडी आकडा. वैदेही त्याला कपड्यांच्या दोरीचा बांबू समजत होती.

"मग कवठं माझ्याकडे का टाकायचात? घेऊन का नाही गेलात?"

रुपरावजींना प्रश्नच समजला नाही. "तुमच्याकडे पडलं ते तुमचं. धुऱ्यावरचं झाड दोघांचं, पण फळ ज्याच्या बाजूनं पडलं त्याचं. मी काहून घेऊ?"

"तुमच्या आधी या घरात जे राहत होते न, त्यांची पोरगी होती," सिंधूताई म्हणाल्या. "तिच्यासाठी बी पाडे. घरात लेकरू नसलं की पाडत नाई. कोणाले सांगू नका म्हणे."

गिरिधरांच्या मांडीवरचं हेल्मेट घरंगळून वाळूत पडलं. वैदेहीने वर पाहिलं. कितीतरी कवठं होती, आणि त्यातलं कुठलं आज पिकलेलं आहे हे त्या म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं. एमएस्सीला तिला कुणी शिकवलं नव्हतं की आकड्यांच्या मागे एखादा माणूस बांबू धरून उभा असू शकतो. वहीतले एक्केचाळीस आकडे एकदम तिच्याकडे पाहायला लागले.

गिरिधरांनी पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मात नसलेल्या जागी, समासात, लिहिलं : "अर्जदाराने स्वतःच हरकत घेतल्याने व वृक्षाची पुरेशी निगा राखली जात असल्याने अर्ज निकाली." मग त्यांनी दोन कवठं मागितली, महाशिवरात्र जवळ आली होती आणि घरी चटणीला हवी होती. ती कोणाच्या बाजूची द्यायची, यावर सिंधूताई आणि वैदेहीत थोडी झोंबाझोंबी झाली. शेवटी एक-एक दिलं.

फांदी राहिली. हेल्मेट गोलूला लहान झालं. पायलताईंनी पुढचे दोन महिने वैदेहीला मुद्दाम "गोलूची आई" म्हणून हाक मारली आणि नंतर तेच नाव ले-आऊटमध्ये कायम झालं.

सगळं इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा दिवाळीआधी रुपरावजी सांगायला आले. लेकीकडे जातो, नरखेड तालुक्यात, पंधरा दिवसांसाठी. गावाचं नावही सांगितलं. त्याच क्षणी गोलूने नाकात संत्र्याची बी घातली. वैदेही बी काढायला धावली, रुपरावजी "बरं येतो बाई" म्हणून निघाले, आणि जी गोलूची शीसुद्धा लिहून ठेवते त्या बाईने त्या गावाचं नाव लिहिलं नाही. हरकतीच्या कागदावर रुपरावजींच्या सहीपुढे त्यांचा मोबाईल नंबर होता, तो तिने झोनच्या ऑफिसातून मागून आणला. फोन बंद येतो. सिंधूताईंना "लेकीकडे" याच्या पलीकडे काही ठाऊक नाही. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले.

नोव्हेंबर लागल्यावर कवठं पुन्हा पडू लागली. आता दुपारी अडीचला पडतात, संध्याकाळी सव्वापाचला पडतात, गोलू शाळेतून येतो त्या वेळेला तर हमखास. वहीतला आलेख सगळीकडे सांडल्यासारखा झाला आहे. वैदेही रोज पहाटे बांबू घेऊन उभी राहते. खालची फळं तिला जमतात. वरच्यांना आकडी पोचते, पण कुठलं पिकलं आहे ते हलवून कळत नाही. तिने एकदा कच्चं पाडलं आणि दिवसभर अपराध्यासारखी फिरली.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी नरखेडच्या बाजूला जाणार असेल, संत्र्याला म्हणा, लग्नाला म्हणा, तर एवढं करा. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, तोंडात लवंग; कुठल्यातरी धुऱ्यावर झाडाकडे मान वर करून उभे असतील. रुपरावजी म्हणून हाक मारा. बरे आहेत का ते बघा. आणि गावाचं नाव मात्र आठवणीने कागदावर लिहून आणा.